कमरेकडं जाणारा हात

पलटण काश्मीर खोऱ्यात पोहोचली आणि आठवड्याभरात आम्हा चौघांना केस वाढवायचा हुकूम मिळाला. असा हुकूम ऐकून जवान आधी खूश होतो आणि मग त्याचा अर्थ त्याच्या ध्यानात येतो. केस वाढवायचे म्हणजे वर्दी उतरवायची, दाढी राखायची, तिथला तो गुडघ्यापर्यंतचा लोकरी फिरन घालायचा आणि बाजारात लोकांत मिसळून बसायचं. रायफल नेता येत नाही. जवळ एक ९ एमएम पिस्तूल, आणि तेही कोणाला दिसता कामा नये.

चौघांत दोघं मराठवाड्याचे. मी कंधार तालुक्यातला, तेव्हा हवालदार. दुसरा नायक व्यंकट, मुदखेडजवळच्या एका खेड्यातला. तो गोरा, घाऱ्या डोळ्यांचा, त्यामुळं फिरन घातला की तिथलाच वाटायचा. मी काळा कुळकुळीत. "दादा, तुम्ही काही बी घाला, कंधारच्या बाजारातले सरकी-पेंडवालेच दिसता," असं तो म्हणायचा. बाकीच्या दोघांना मराठी येत नव्हतं, पण या वाक्याला तेही हसायचे.

पिस्तूल लपवणं हे ऐकायला सोपं वाटतं. फौजेचं पिस्तूल लहान नसतं. नळीची काही अडचण नाही, ती पँटच्या आत जाते. अडचण मुठीची. मूठ पट्ट्याच्या वर राहते आणि कपड्याला आतून कोपर काढते. सरकारी होल्स्टर वर्दीवर, बाहेरून लावायचं, वर झाकण असलेलं. ते फिरनखाली काय कामाचं? मग ज्यानं त्यानं आपापली अक्कल चालवली. व्यंकटनं जुनं कॅनव्हासचं होल्स्टर कापून, दाभणानं शिवून पोटाच्या उजव्या अंगाला बसेल असं केलं. उभं राहिलं की ते छान लपायचं. खाली बसलं की मूठ बरगडीत रुतायची.

"खुपतंय का रे?" मी विचारलं होतं.

"खुपतंय. पण चालतंय."

हे 'चालतंय' आपल्या भागातल्या माणसाचं मोठं दुखणं आहे. दाढ दुखली तरी चालतंय, चप्पल चावली तरी चालतंय.

दुसरी गोष्ट शिस्तीची. रिक्रूट असताना उस्ताद आमच्याकडून एक सवय घोटून घेतात: झोपेत असो, जागे असो, हात हत्यारावर. हत्यार हरवणं याहून मोठी नामुष्की फौजेत नाही. त्यामुळं दर थोड्या वेळानं आपलं वेपन जागेवर आहे ना, हे जवानाचा हात न सांगता चाचपून बघतो. वर्दीत ही सवय माणसाला वाचवते. साध्या कपड्यांत काय करते, ते पुढं येईलच.

या गोष्टीला वीसेक वर्षं झाली. मी सुभेदार होऊन निवृत्त झालो आणि मुलांच्या शिक्षणासाठी लातूरला घर केलं. व्यंकटची मुलगी शीतल पोलिसात फौजदार झाली. नांदेडला असते. मागच्या उन्हाळ्यात तिला साध्या वेशातल्या पथकात घेतलं. लातूरच्या कोर्टात तारीख होती म्हणून आली होती, दुपारी काम आटोपून घरी आली.

"काका, एक काम होतं," ती म्हणाली. "पिस्तूल लई खुपून राहिलंय. जीपमधी बसलं की बरगडीत, मोटारसायकलवर बसलं की जांघंत. यातलं कोणतं घिऊ सांगा."

तिनं पिशवीतून तीन होल्स्टर काढून पलंगावर मांडली. एक कडक प्लास्टिकचं, एक नायलॉनचं, एक चामड्याचं.

"आधी पिस्तूल रिकामं कर."

तिनं मॅगझिन काढली, स्लाइड मागं ओढली, रिकामा चेंबर मला दाखवला. मॅगझिन मी कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. मगच पुढचं बोललो. माझी बायको सुमन पिठाची परात बाजूला सारून दारात येऊन उभी राहिली. कोणी घरात पिस्तूल काढलं की तिला स्वयंपाक सुचत नाही.

शीतलनं मोबाइलवर पुष्कळ व्हिडिओ पाहिले होते. मीही दोन पाहिले. त्यातला माणूस भारी होता, पण तो खुर्चीवर बसत होता आणि मोटारीत बसत होता. तो मांडी घालून जेवत नव्हता. एसटीत दोघांच्या सीटवर तिसरा होऊन बसत नव्हता. बाईमाणसाची कंबर निराळी असते, बरगडी आणि पट्टा यांत अंतर कमी असतं, हेही त्याला ठाऊक नव्हतं.

"सुमन, पाट मांड," मी म्हणालो. "हिला जेवायला वाढ."

प्लास्टिकचं होल्स्टर तिनं पोटाशी लावलं आणि मांडी घातली. पिस्तूल त्यात घट्ट बसत होतं, ट्रिगरही नीट झाकला जात होता. पण ताटाकडं वाकता येईना. भाकरीचा तुकडा मोडायलाही तिला कुशीवर व्हावं लागलं. नायलॉनचं मऊ होतं, खुपत नव्हतं. पण पिस्तूल काढलं की त्याचं तोंड मिटायचं आणि परत ठेवायला दुसरा हात लागायचा. तो दुसरा हात आरोपीच्या कॉलरवर असेल तर काय करायचं? मी ते बाजूला ठेवलं. चामड्याचं तिनं उजव्या खुब्याच्या थोडं मागं लावलं. त्याला पाठीमागून रुंद चामड्याची पट्टी होती, त्यामुळं धातू अंगाला लागत नव्हता आणि घामही टिपला जात होता. पिस्तूल जरा पुढं झुकून बसायचं, म्हणून मूठ पाठीच्या कडेनं लपायची. तरीही ते लोंबत होतं. कारण तिचा पट्टा बाजारातला, मऊ, शोभेचा.

"निम्मं काम होल्स्टरचं, निम्मं पट्ट्याचं," मी सांगितलं. माझा जुना दुहेरी चामड्याचा पट्टा काढला, दाभणानं तिच्या मापाची भोकं पाडली. आता बसलं, उठलं, वाकलं, सगळं जमलं.

ती खूश झाली. मी झालो नाही. कारण इतका वेळ मी होल्स्टर कमी आणि तिचा उजवा हात जास्त पाहत होतो. उठली की हात कमरेकडं. बेल वाजली, हात कमरेकडं. शेवटी सुमननंच विचारलं, "पोरी, पोट दुखून राहिलंय का? सारखा हात लावतीस."

शीतल हसली. मला हसू आलं नाही. जे सुमनला दिसलं ते बाजारातल्या माणसालाही दिसणार होतं.

व्यंकट कसा गेला, हे त्याच्या घरी पुरतं कोणालाच ठाऊक नव्हतं. 'शत्रूशी लढताना' एवढंच सांगितलं गेलं आणि ते खोटं नव्हतं. गावानं त्यात आपली भर घातली. स्मारकावर त्याचा पुतळा आहे, हातात रायफल, पाऊल पुढं. त्या पुतळ्याकडं बघत ही पोर वाढली, भरतीसाठी पळाली. तिचा तो बाप तिच्यापासून काढून घ्यायचा मला काय अधिकार? आणि नाही सांगितलं, तर तिचा हात असाच जात राहणार. मी तिला बस म्हणालो आणि त्या दिवसाचं सांगायला लागलो.

दुपारची वेळ होती. आम्हाला हवा असलेला एक अतिरेकी बाजारात येणार अशी खबर होती. व्यंकट रोटीच्या दुकानासमोर फरशीवर मांडी घालून बसला होता. मी रस्त्यापलीकडं कापडाच्या दुकानात. बाकीचे दोघं रस्त्याच्या दोन टोकांना. टोपीखाली कानात छोटा वायरलेस सेट, त्यावर नावाऐवजी नंबर; व्यंकट म्हणजे टू. तासाहून जास्त वेळ गेला. बसून बसून मूठ बरगडीत रुतत असणार; व्यंकटचा हात फिरनच्या आत गेला आणि बाहेर आला. थोड्या वेळानं परत गेला. मी बटण दाबलं.

"टू, हात."

त्यानं लगेच हात बाहेर घेतला. माझ्याकडं पाहून जरासा ओशाळून हसला. तेवढ्यात शेजारच्या दुकानाच्या पायरीवरचा एक जण उठला. आम्ही ज्याची वाट बघत होतो त्याचा तो राखणदार होता आणि तोही व्यंकटचा हातच बघत बसला होता. दोन गोळ्या वाजल्या. मग माझ्या वाजल्या.

"टू डाउन. रिपीट, टू डाउन. फोर, रास्ता ब्लॉक करो."

तो राखणदार गल्लीच्या तोंडाशी पडला. मी व्यंकटपाशी पोहोचलो तेव्हा त्याचं पिस्तूल होल्स्टरमध्येच होतं, वरचं बटणही लावलेलं. त्यानं एकही गोळी झाडली नव्हती.

शीतल ताटाकडं बघत होती. सुमन भिंतीला टेकून उभी.

"काही बोलले का?" शीतलनं विचारलं.

"बोलला. 'दादा, माझं वेपन घ्या.' तेवढंच."

मला वाटलं, आपण एका पोरीचा बाप दुसऱ्यांदा मारला.

"खुपत होतं तर सांगितलं का न्हाई त्यांनी?"

"सांगितलं होतं. चालतंय म्हणाला."

तिनं डोळे पुसले. "आईला नका सांगू काका."

"न्हाई सांगत."

मग ती उठली, चामड्याचं होल्स्टर नीट केलं, पुन्हा मांडी घालून बसली आणि उरलेली भाकरी जवळ ओढली. "आता तुम्ही बघा," म्हणाली. हात गेला की मी म्हणायचो, "हात." ती खाली घ्यायची. थोड्या वेळानं सुमनही म्हणायला लागली. संध्याकाळच्या गाडीनं ती नांदेडला गेली, तोवर आमच्या घरात दुसरा शब्द नव्हता. नंतर फोनवरही मी पहिलं तेच विचारायचो आणि ती म्हणायची, "कमी झालंय काका."

व्यंकटच्या पुण्यतिथीला दरवर्षी मी त्याच्या गावाला जातो. यंदाही गेलो. सरपंच, शाळेतली मुलं, आजूबाजूच्या गावांतले चारदोन माजी सैनिक. व्यंकटच्या बायकोनं पुतळ्यापुढं निरांजन लावलं. शीतल ड्यूटीवरून तशीच आली होती, ढगळ शर्ट, पायात साध्या चपला. पिस्तूल जवळ होतं हे मला माहीत होतं. मला माहीत असूनही दिसलं नाही.

दोन मिनिटं स्तब्धता झाली. सगळ्यांच्या माना खाली. माझी वर होती, मी शीतलच्या हाताकडं बघत होतो. शेजारीच उभी होती ती. दोन्ही हात सरळ, सैल, पँटच्या शिवणीला लागलेले. मागं एका पोराच्या हातून स्टीलचा तांब्या पडून मोठा आवाज झाला. तिचा हात हलला नाही.

तेवढ्यात ती ओठ न हलवता, फक्त मला ऐकू येईल एवढं बोलली.

"काका, हात."

मी खाली पाहिलं. माझा उजवा हात सदऱ्याखाली कमरेवर होता. तिथं निवृत्तीपासून काहीच नाही.

मी लगेच हात खाली घेतला. व्यंकटनंही असाच लगेच घेतला होता.