गाळायच्या ओळी

शिंपीणबाईंना लोक माघारी 'भोंगा' म्हणत. चर्चचा माइक बिघडला तरी त्यांचं वाचन शेवटच्या बाकापर्यंत पोचायचं, आणि घरातलं भांडण तर थेट चौकापर्यंत. उपासनेच्या काळानुसार रंग बदलणारी वेदीची कापडं त्यांच्याच मशीनवर शिवली जात, त्यामुळे त्यांना दिवस आठवायचे ते रंगांवरून. लेकीच्या गालावर पहिला वळ उठला तो हिरव्यात, सामान्यकाळाच्या लांबलचक दिवसांत. नाताळाआधीच्या आगमनकाळाचा जांभळा चढला तेव्हा जावई हात जोडून माफी मागून गेला. जांभळा उतरायच्या आत त्याने तिचं मनगट पिरगाळलं, आणि लेक माहेरी आली.

आता नाताळ होऊन पवित्र कुटुंबाचा रविवार उजाडला होता. वेदी पांढरीशुभ्र. मिस्साची उपासना संपली की फादर नवराबायकोचा समेट घडवणार आणि लेक तशीच सासरी जाणार, असं फादरांनी आणि विहीणबाईंनी परस्पर ठरवून टाकलं होतं. लेकीला कुणी विचारलंच नव्हतं आणि तीही तोंड उघडत नव्हती. बाईंच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

त्यात मिस्सातलं बायबलचं दुसरं वाचन नेमकं बाईंकडे.

"बाई, आज पौलाच्या पत्राचं छोटं वाचन घ्या," झगा चढवता चढवता फादर म्हणाले. "शेवटच्या ओळी गाळायची मुभा आहे. पत्नींनी पतीच्या अधीन राहावं वगैरे. उगाच तुम्हाला त्रास."

"आणि तिच्या खालची ओळ? ती नवऱ्यांना आहे ना?"

"तीही जाईल. आज वाद नको."

"वाद नको म्हणे! मार माझ्या लेकीने खायचा आणि शांतता तुम्हाला हवी? मी अख्खं वाचणार, फादर."

पहिल्या बाकाच्या कडेला जावई नवा कोट घालून ऐसपैस बसला होता, आतल्या बाजूला लेक अंग चोरून. करुणा, नम्रता, सहनशीलता, सगळं बाईंनी दातओठ खात वाचलं. "पत्नींनो, आपल्या पतींच्या अधीन राहा," हे आलं आणि जावयाने बायकोला हळूच कोपर मारलं. वर ओठांत हसला. बाईंच्या मस्तकात तिडीक गेली.

"पतींनो, आपल्या पत्नींवर प्रेम करा, त्यांच्याशी कठोरपणे वागू नका."

त्या थांबल्या. त्याच्याकडे बघत तीच ओळ पुन्हा वाचली. मग तिसऱ्यांदा, अशा आवाजात की मागचं एक तान्हं मूल दचकून रडायला लागलं. फादर खाकरले. त्यांना मुळीच भीक न घालता बाईंनी उरलेलं उरकलं आणि म्हणाल्या, "हा प्रभूचा शब्द."

यावर सगळ्यांनी मिळून द्यायचं ठरलेलं उत्तर कुणाला सुचेना. सगळे जावयाकडे बघत होते आणि जावई छताकडे.

"देवाला धन्यवाद," लेक म्हणाली. एकटीच, पण स्पष्ट.

मग ती उठली आणि वाट अडवून बसलेल्या नवऱ्याला म्हणाली, "पाय घ्या आत. मला आईकडे बसायचंय."