शेजारच्या सीटवर

लष्कराच्या वर्कशॉपात ट्रकांच्या पोटाखाली झोपून काम करणारी ही बाई. गल्लीत सगळे तिला मिस्त्रीण म्हणायचे आणि तिलाही ते आवडायचं. इंजिन नुसतं खोकलं तरी त्याचं दुखणं ती सांगायची. संसाराचं दुखणं मात्र तिला कधी सापडलं नाही. नवरा टेलर होता, दोन गल्ल्या पलीकडे त्याचं दुकान. दोघं वेगळे झाले तेव्हा लेक आईकडे राहिली आणि रविवार बापाच्या वाट्याला आला. लेकीचं नाव पडलं होतं भिंगरी, कारण ती एका जागी बसलेली कुणी पाहिलीच नव्हती.

असं सगळं बरं चाललं होतं आणि मिस्त्रिणीला दूरच्या सीमेवर जायचा हुकूम आला. जवळजवळ वर्षभरासाठी, आणि तिथे पोरंबाळं न्यायची सोय नाही.

तिच्या वकीलबाई म्हणाल्या, "घाबरू नका. लेक तात्पुरती वडिलांकडे राहील. तुम्ही परत आलात की पुन्हा तुमच्याकडे. कोर्टासमोरच तसं ठरवून घेऊ."

"कोर्ट पोरीला परत आणेल हो," मिस्त्रीण म्हणाली, "पण तिचं मन कोण आणणार? उद्या हाच म्हणाला, आता इथे रुळलीय, राहू दे, तर?"

वकीलबाईंनी कागद तयार केले. टेलरने सही केली खरी, पण नाक फुगवून. "तात्पुरती म्हणे! मी काय पाळणाघर उघडलंय?"

आता वर्कशॉपात एक रीत असते. गाडी दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची, तर जुना ड्रायव्हर शेजारच्या सीटवर बसून एक फेरी मारतो आणि गाडीच्या सगळ्या खोडी सांगतो. पण एकदा उतरला की संपलं. मागे वळून एक शब्द बोलायचा नाही. आणि या शहाण्या बाईने लेकीच्या बाबतीत तेच करायचं ठरवलं! जायच्या आदल्या दिवशी टेलरच्या घरी ठाण मांडून बसली आणि सुरू झाली. "दुधावर साय दिसली की ती पेला लोटते. झोपताना दार पूर्ण लावू नकोस, फट ठेव. केस विंचरताना खालून सुरुवात कर, नाहीतर घर डोक्यावर घेईल."

टेलरने गळ्यातली टेप काढून टेबलावर आपटली. "अगं, मी बाप आहे तिचा! ही पोर आहे की ट्रक?"

तरी बाईंचं तोंड काही थांबेना. शेवटी निघाली, फाटकापर्यंत गेली आणि वळली. "आणि हे बघ..."

"उतरलीस ना? मग जा आता," टेलर म्हणाला. इतकी वर्षं एकत्र काढलेली, रीत त्यालाही ठाऊक होती. पण तिला ते फार लागलं. गाडीत बसेपर्यंत तिने डोळे पुसले नाहीत.

तिकडे फोन लागायचा तेव्हा लागायचा. भिंगरी पळत पळत बोलायची, त्यामुळे आईला लेकीपेक्षा छतच जास्त दिसायचं. एकदा पोरीने सहज विचारलं, "आई, मी आता बाबाचीच ना गं?" आणि फोन कटला. मिस्त्रीण पुन्हा पुन्हा फोन लावत राहिली. तो काही लागला नाही.

परत आली ती गणवेशातच थेट दुकानात. लेक केवढी उंच झालेली! पण ती धावत आली नाही. बापाचा सदरा धरून मागे उभी राहिली.

"घेऊन जाते मी हिला," मिस्त्रीण म्हणाली.

"आधी बस."

"कोर्टात ठरलंय आपलं!"

"बस म्हटलं ना!" टेलरने मशीन थांबवलं. "साय आता मागून खाते. दार लावलं तरी झोपते. पण बाहेरून मोठा ट्रक गेला की गप्प होते. तेव्हा काही विचारायचं नाही, नुसतं जवळ बसायचं. आणि मी कुणाची, असं तिने मलाही विचारलं. मी सांगितलं, आईची. आई कामावर आहे तोवर माझ्याकडे."

मिस्त्रीण बघतच राहिली. अरे, हा तर गाडी ताब्यात देतोय!

"चल," टेलरने लेकीची पिशवी उचलली, "एक फेरी मारू."

तिघं चालत तिच्या घरी आले. अर्ध्या वाटेत भिंगरीने आईचं बोट धरलं, बापाचं न सोडता. घरी पोचल्यावर ती कंगवा घेऊन आईपुढे बसली. मिस्त्रिणीने खालून केस विंचरले आणि वेणी घालायला घेतली.

"अशी नाही गं! बाबा चार पेडांची घालतो."

टेलर दारात उभा होता. काहीतरी सांगायला त्याने तोंड उघडलं आणि ओठ घट्ट मिटले, शिवताना तोंडात टाचण्या धरून मिटायचा तसे. पिशवी खाली ठेवून तो निमूट निघाला. फाटक उघडलं, मागे वळला नाही.

मिस्त्रिणीच्या हातात तीन पेड होते आणि चौथ्याचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं.

"अहो टेलर!" तिने हाक मारली. "एवढ्यात उतरलात कशाला? फेरी कुठे संपलीय अजून?"

फाटक पुन्हा वाजलं. भिंगरी जराही न हलता बसून राहिली, आणि टेलर चौथा पेड कुठून घ्यायचा ते दाखवू लागला.