कमलामामाचा नवा दरबार

मे महिन्यात दिवाणी कोर्टं बंद झाली की कमलाकांत अकोल्याहून अमरावतीला बहिणीकडे येई. बडनेऱ्याला गाडी बदलून, पत्र्याची ट्रंक आणि चिंचोक्यांची कापडी पिशवी घेऊन तो दारात उभा राहिला, की मुलांच्या लेखी तेव्हा कुठे सुट्टी लागे. यंदाही तो आला, मुलं धावली. अनसूयेनं मात्र हातपाय धुवायला पाणी दिलं आणि चहा उकळेपर्यंत ती चुलीशी एकच विचार करत उभी राहिली. यंदा दरबार नको, हे याला कसं सांगावं?

कमलाकांत तिचा धाकटा भाऊ. वडिलांनी दोघांनाही सारखंच शिकवायला घेतलं होतं. ती बी. ए. होऊन शाळेत शिकवू लागली, हा इंटरला अडकला, तिथंच पुन्हा अडकला आणि शेवटी अकोल्याच्या कोर्टात नक्कल खात्याला चिकटला. दिवसभर दुसऱ्यांच्या भांडणांच्या नकला उतरवायच्या, संध्याकाळी खानावळीत जेवायचं आणि ताजनापेठेतल्या खोलीवर जाऊन पडायचं, असं त्याचं आयुष्य. मुली पाहण्याचे कार्यक्रम झाले होते. दर वेळी तो इतका गप्प बसला, की मुलीकडच्यांनी त्याला घमेंडखोर ठरवलं. घमेंड कसली, मोठ्या माणसांशी काय बोलायचं हेच त्याला सुचत नसे. तोच माणूस पोरांच्या घोळक्यात बसला की त्याचं तोंड मिटत नसे.

अमरावतीचा मे म्हणजे दुपारभर घराबाहेर पाऊल टाकायची सोय नाही. मधल्या खोलीच्या खिडकीला जमिनीला टेकेल अशी वाळ्याची ताटी लावायची, तिच्यावर पाणी मारत राहायचं आणि पोरांना आत डांबायचं. डांबलेली पोरं भांडतात, म्हणून कमलाकांतानं काही वर्षांपूर्वी हा खेळ काढला. मेळघाटाच्या पलीकडे एक राज्य आहे, तिथं राक्षस आहेत, चेटकिणी आहेत, बोलणारी झाडं आहेत. प्रत्येक पोरानं एक सोंग घ्यायचं आणि त्या राज्यातून वाट काढायची. वाट कोणती, हे पोरानं सांगायचं; ती साधली की फसली, हे चिंचोक्यांनी. चिंचोके मधोमध फोडलेले, म्हणजे एक बाजू काळी, एक पांढरी. पांढरे जास्त पडले तर साधलं.

इथवर कुणालाही सुचलं असतं. कमलाकांताची करामत पुढे होती. त्याच्या राज्यात कुणी कुणाला सुखासुखी मारत नसे. सगळं कोर्टातून. राक्षसाला माणूस खायचा असेल तर आधी अर्ज, मग समन्स, मग पुकारा. चेटकीण कुणाचा बेडूक करायला निघाली की तिच्यावर मनाई हुकूम. वर्षभर ज्या कागदांनी त्याचे डोळे दुखत, त्याच कागदांतली भाषा तो पोरांपुढे अशी उधळी, की आतून हसण्याचे लोट येत आणि शेजारच्या खोलीत पडलेल्या अनसूयेला झोप लागत नसे. पहिला दरबार झाडांचा होता. मग पाताळाचा झाला. दर वर्षी नवा दरबार, पण माणसं तीच, राज्य तेच. मुलं ऑक्टोबरपासूनच मामाला पत्रं घालत, की पुढला कशाचा.

गेल्या वर्षीचा पाण्याचा होता. उद्धव, अनसूयेचा मुलगा, त्यात सरदार होता. महिनाभर नदीशी खटला लढून त्यानं शेवटी आपल्या बाजूनं हुकूम मिळवला, की कोणतंही पाणी सरदारास बुडवणार नाही. मामा अकोल्याला परत गेला. दोन-चार दिवसांनी ही मंडळी अंजनगावला वामनरावांच्या पानमळ्यात गेली. वामनरावांचा मुलगा सूर्यभान शाळेसाठी अमरावतीला त्यांच्याच आळीत आत्याकडे राही, त्यामुळे जाणं-येणं होतं. पंगत बसणार तेवढ्यात वामनराव विहिरीकडे धावले. उद्धव काठाच्या दगडावर उभा होता, एक पाय अधांतरी. त्यांनी त्याला सदऱ्याला धरून मागं ओढलं आणि विचारलं, काय करून राहिला रे. पोरगा अगदी शांतपणे म्हणाला, "पानी मले बुडवू शकत नाई, काका. तसा हुकूम झाला आहे."

त्या वाक्यानं अनसूयेचं वर्ष खाल्लं. उद्धवला पोहता येत नव्हतं. नळाखाली बादली वाजली तरी ती उठून पाहून येई. भावाला तिनं पत्रानं सगळं कळवलं होतं. त्याचं उत्तर आलं, त्यात प्रकृती, पाऊस, आंब्याचे भाव होते; विहिरीबद्दल अवाक्षर नव्हतं. तिला त्याचा रागच आला होता.

चहाचा कप त्याच्या हातात देऊन तिनं शेवटी सांगून टाकलं. दरबार यंदा नको. पत्ते खेळा, गोष्टी सांग, पण तो खेळ नको. कमलाकांतानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "अक्का, एक दिवस बसून बघ. नाही पटलं तर मी उद्याच परत जातो."

परत जायचं तिच्या बोलण्यात नव्हतं. पण तिला कळलं, की या घरात दुसरं काही करायला तो येतच नव्हता. ती बरं म्हणाली.

दुपारी ती मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसली. कमलाकांतानं फरशीवर खडूनं राज्य काढलं. तिला पहिल्या नजरेला ते फार गर्दीचं वाटलं. डोंगर एकमेकांच्या डोक्यावर चढलेले, नदी कुठून कुठं जाते त्याचा पत्ता नाही. मुलं गोल बसली. उद्धव सरदार, सूर्यभान राक्षस, पलीकडच्या घरातली सिंधू चेटकीण. सिंधू मोठी, बारावं सरलेली, जरा आढ्यतेनं बसली होती, पण बसली होती. कमलाकांत घसा साफ करून म्हणाला, हा दरबार विखाराचा.

गेल्या वर्षी पाणी, यंदा विष. या माणसाला काही कळतं की नाही? अनसूया उठणारच होती, तेवढ्यात त्यानं एक नवा कायदा वाचून दाखवला. यापुढे दरबारात कुणालाही, राक्षसालासुद्धा, कोणत्याही क्षणी तहकूब म्हणता येईल. तहकूब म्हटलं की त्या क्षणापासून राज्य नाही, सरदार नाही, हुकूम नाही. जे काय आहे ते हे घर आणि ही खोली. ज्यानं तहकूब केलं त्यानंच पुकारा करायला सांगायचा, तोवर सगळं बंद. आणि उठून खोलीबाहेर जायचं असेल तर आधी तहकूब म्हटल्याशिवाय जायचं नाही.

हे सांगताना तो बहिणीकडे बघत नव्हता. पत्राचं उत्तर हे होतं तर. तिला ते समजलं, पण समाधान झालं नाही. नऊ वर्षांच्या पोराला एक शब्द दिला म्हणून विहीर उथळ होते का?

खेळ सुरू झाला आणि तिला नाइलाजानं मान्य करावं लागलं, की गेल्या वर्षापेक्षा रंगतदार होता. सुरुवात जरा रेंगाळली, राक्षसाचे अर्ज जुनेच होते. पण नागोबा बेलीफ आला आणि खोली जागी झाली. हा नाग चावला तर माणूस मरत नसे. त्याला समन्स लागू होई. दंशाच्या जागी तारीख उमटे आणि त्या तारखेला विखाराच्या दरबारात हजर राहावं लागे. नागोबा भारी कामसू. कुणी घरी सापडलं नाही तर दाराच्या कडीलाच डसून जाई. सूर्यभान हसून हसून आडवा झाला. अनसूयेनं पदर तोंडाला लावला.

सरदाराला नाग डसला. खटला उभा राहिला. सिंधूनं चेटकिणीतर्फे असा उलटतपास घेतला, की तिचे वकील वडीलही खूश झाले असते. उद्धव घामाघूम झाला, पण त्यानं पांढरे चिंचोके टाकून टाकून खटला जिंकला. कमलाकांतानं सरकारी आवाजात हुकूम सुनावला, की आजपासून कोणतंही विष सरदारास बाधणार नाही.

पुढची पाळी सिंधूची. तिनं चिंचोके टाकले, आणि त्याच वेळी ओल्या ताटीखालून तांबडा विंचू बाहेर आला.

गारव्याला आला असणार. नांगी वर करून तो खडूच्या डोंगरातून सरळ चालत येत होता, आणि उद्धवची मांडी त्याच्या वाटेवर होती. कमलाकांत पलीकडच्या टोकाला, मध्ये मुलं. अनसूयेला ओरडायचं होतं, पण ओरडलं तर पोरगं दचकून हात टेकेल, हेही तिला त्याच क्षणी सुचलं आणि ती जागच्या जागी गोठली. सूर्यभानच्या डोक्यातून राक्षस अजून उतरला नव्हता. तो म्हणाला, "तुले त हुकूम भेटला ना बे. धर त्याले."

उद्धवनं विंचवाकडे पाहिलं. हात थोडा पुढे आला, असं अनसूयेला वाटलं. आला की नाही, ते तिला पुढेही कधी नक्की सांगता आलं नाही. मग त्यानं मांडी हळूच मागे ओढली.

"तहकूब," तो म्हणाला. आवाज बारीक होता म्हणून पुन्हा म्हणाला, "तहकूब म्हणतो ना मी. सिंधूताई, पाय वर घे. आई, पार्बताबाईंना चिमटा घेऊन बोलाव."

अनसूया धावली. घरकामाची पार्बताबाई चिमटा आणि जुनं पायताण घेऊन आली, तिनं विंचवाचा निकाल लावला आणि सगळ्यांना फैलावर घेतलं. दुपारी गुमान झोपाव, त सारेजण इच्चूच्या घरात कचेरी मांडून बसले, मास्तरीणबाईही त्यातच, असं बडबडत तिनं ताटी उचलून झटकली, आणखी काही नाही हे पाहिलं आणि मेलेला विंचू चिमट्यात धरून परसात गेली.

सूर्यभानचा चेहरा उतरला होता. "मी त गंमत करून राहिलो होतो," तो म्हणाला.

"मले मालूम आहे," उद्धव म्हणाला. "पन इच्चूनं थोडीच वाचला आपला हुकूम."

अनसूया खाटेच्या कडेवर बसली. तिला हसू येत होतं, आणि ते आवरेना. वर्षभर ती जे त्याच्या गळी उतरवू पाहत होती, रागावून, समजावून, वडिलांकडून सांगवून, ते या पोरानं किती सहज सांगून टाकलं. तिनं त्याला जवळ ओढलं. मित्रांसमोर नको म्हणून त्यानं अंग चोरलं, पण हात सोडवून घेतला नाही.

मुलांची चिंता लगेच वेगळी झाली. धावपळीत चिंचोके उधळले होते आणि एक सापडत नव्हता. सिंधूचं म्हणणं, तो पांढरा पडला होता. सूर्यभानचं म्हणणं, काळा. अनसूयेनं वाकून पाहिलं, खाटेच्या पायाशी होता. मुलं ओरडली, हात लावू नका. कमलाकांत हात मागं बांधून उभा राहिला. त्याचा चेहरा अजून पांढराच होता, पण आवाज कोर्टाचा होता.

"साक्षीदार, कोणती बाजू वर दिसते?"

"काळी," अनसूया म्हणाली.

"पडला तेव्हा कोणती होती?"

"पडला तेव्हा मी विंचवाकडे बघत होते."

"म्हणजे साक्ष ऐकीवसुद्धा नाही," सिंधू फणकाऱ्यानं म्हणाली, आणि फेक रद्द करून पुन्हा टाकायचं ठरलं.

मुलं आपापल्या जागी बसली. कमलाकांत मात्र बसला नाही. तो बहिणीजवळ आला आणि साध्या आवाजात, इतरांना ऐकू जाणार नाही असं म्हणाला, "अक्का, मग? सकाळची गाडी बघू?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. कानशिलावरचे केस पिकायला लागले होते. गेल्या मेमध्ये पिकलेले नव्हते, निदान तिला दिसले नव्हते. त्या पत्रात विहिरीऐवजी त्यानं आंब्याचे भाव का लिहिले असतील, हे तिला आता थोडंथोडं उमगत होतं.

"मला काय विचारतोस," ती म्हणाली. "तहकूब त्यानं केलंय. त्यालाच विचार."

उद्धव उठला. तो माठातलं पाणी प्यायला, त्यानं ताटीच्या खाली स्वतः वाकून नीट बघितलं, मग जागेवर येऊन मांडी घातली. "मामा," तो म्हणाला, "पुकारा करा."

कमलाकांत आपल्या जागी जाऊन बसला. त्यानं घसा खाकरला, आणि मग सबंध आळीला ऐकू जाईल असा पुकारा केला.