दोनदा दिलेली जर्सी

ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या मैदानावर दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधले दोन उंच, कडेचे दोन आखूड. चेंडू मधल्या दोघांतून गेला तर सहा गुण, कडेच्या फटीतून गेला तर एक. पंधरा वर्षांपूर्वी हे पप्पांना कोणी सांगितलं नव्हतं. ते तेव्हा शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डर होते. आजही तिथेच आहेत, फक्त आता फोरमन झालेत. दुबईतल्या ऑस्ट्रेलियन लोकांच्या एका क्लबने त्या वर्कशॉपला आठ खांबांचं काम दिलं. ड्रॉइंगमध्ये त्यातले चार आखूड दाखवले होते. पप्पांना वाटलं, ड्रॉइंग काढणारा चुकला. एका रांगेत उंच आणि ठेंगणे खांब कोण लावतं? त्यांनी आठही एका उंचीचे केले, आणि दुसऱ्याची चूक आपण वेळेवर पकडली म्हणून खूश झाले.

खांब मैदानावर उतरवले तेव्हा क्लबची माणसं हसून हसून गवतावर बसली. पप्पांनी वाद घातला नाही. ग्राइंडर गाडीतच होता. चार खांब तिथल्या तिथे कापले, कडा घासल्या, आणि दुपारच्या मॅचला उभे केले. मग ती मॅच त्यांनी उभ्यानेच शेवटपर्यंत बघितली. रात्री गावी आईला फोन केला तेव्हा म्हणाले, "चुकलं तरी एक गुण देतात. असा खेळ मी बघितला नाय कधी."

ते मैदान एरवी क्रिकेटचं. त्यामुळे सीझनमध्ये दर शनिवारी खांब जमिनीत पुरलेल्या नळ्यांमध्ये उभे करायचे आणि मॅच संपली की काढायचे. ते काम क्लबने पप्पांनाच दिलं आणि आजपर्यंत तेच करतात. वर्षभराने आम्ही रत्नागिरीजवळच्या गावाहून शारजाला आलो. माझा धाकटा भाऊ तेव्हा तीन वर्षांचा होता. पप्पा त्याला बरोबर न्यायचे आणि त्याला नीट बोलता येण्याआधी किक मारता आली, असं आई अजूनही सांगते. ते खरं नाही, पण खूप खोटंही नाही.

पप्पा त्या क्लबला 'आमचा क्लब' म्हणायचे. मला थोडं अवघड वाटायचं. ते सभासद नव्हते, कधी खेळले नव्हते. खेळाडू असताना ते चेंजिंग रूममध्ये पाऊलसुद्धा टाकत नसत. मॅच चालू असताना खांबांच्या मागे, पांढऱ्या रेघेच्या बाहेर, हाताची घडी घालून उभे. इतक्या वर्षांत मी त्यांना खेळ चालू असताना ती रेघ ओलांडताना पाहिलं नाही.

भाऊ मात्र आतल्यांतला झाला. लहान मुलांच्या संघातून मोठ्या मुलांच्या संघात, आणि यंदा सतराव्या वर्षी सीनियर संघात निवड. त्याच सुमाराला अबू धाबीच्या एका क्लबनेही त्याला बोलावलं होतं. तिथे स्वतःचं मैदान, जिम, ने-आण करायला गाडी. मी त्याला म्हटलं, नीट विचार कर.

तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "ताई, दॅट्स नॉट अवर क्लब."

'अवर' म्हणाला तो.

या खेळात एक प्रथा आहे. खेळाडू सीनियर संघात पहिल्यांदा उतरतो त्या दिवशी त्याची जर्सी त्याचे वडील देतात, सगळ्या संघासमोर, चेंजिंग रूममध्ये. बहुतेकांचे वडील त्याच क्लबकडून खेळलेले असतात आणि बापाचाच नंबर मुलाला मिळतो. भावासाठी कोण, असा प्रश्न आला तेव्हा क्लबच्या म्हाताऱ्या सेक्रेटरींनी तो प्रश्न प्रश्नच ठेवला नाही. त्यांनी जर्सी प्लास्टिकच्या पिशवीत घालून पप्पांच्या हातात दिली आणि सांगितलं, शनिवारी घेऊन ये. पांढरी, बिनबाह्यांची, निळ्या कॉलरची. पाठीवर सदतीस, कारण तोच नंबर रिकामा होता.

पप्पांनी ती घरी आणली आणि पलंगावर ठेवून लांबून बघत बसले.

"आत सगळ्यांसमोर काय बोलायचं असतं?" त्यांनी मला विचारलं.

मी इंग्रजीत चार वाक्यं लिहून दिली. ते दोन दिवस पाठ करत होते, बाथरूममध्येसुद्धा.

ती मॅच महत्त्वाची असायला आणखी एक कारण होतं. ऑस्ट्रेलियाहून एक प्रशिक्षक आले होते. आखातातल्या क्लबांमधून दोन-तीन मुलं निवडून ते महिन्याभराच्या शिबिराला तिकडे बोलावणार होते. संध्याकाळचं विमान असल्यामुळे ते अर्धीच मॅच बघणार होते. म्हणजे भावाला जे दाखवायचं ते पहिल्या अर्ध्या भागातच. घरात हे कोणी मोठ्याने बोलत नव्हतं, पण आईने त्या आठवड्यात दोनदा मीठ-मोहरी ओवाळून टाकली.

आणि शनिवारी सकाळी आम्ही जर्सीची पूजा केली.

आमच्याकडे नवीन वस्तूला हळद-कुंकू लावल्याशिवाय ती वापरत नाहीत. मी घरातली पहिली कॉलेजात गेलेली, तेव्हा माझ्या ॲडमिशनच्या कागदाला लावलं, लॅपटॉपलाही लावलं. त्याच्या एका बटणाखाली गेलेली हळद अजून तिथेच आहे. तेव्हा जर्सी देवासमोर ठेवली यात आम्हाला कोणालाच काही वावगं वाटलं नाही. ताट मी धरलं होतं. गावचं कुंकू संपलं होतं, म्हणून बर दुबईतल्या पूजेच्या सामानाच्या गल्लीतून आणलेलं नवीन पाकीट फोडलं. आईने ते पाण्यात कालवून कॉलरजवळ एवढंसं बोट टेकवलं.

"एवढंसं काय," मी म्हटलं. "छातीवर लाव नीट. त्याला दिसू दे."

आईने छातीवर नीट लावलं.

दुपारी चेंजिंग रूमच्या दारात आई आणि मी उभ्या होतो. आई मॅचला कधी यायची नाही. त्या दिवशी नारळाच्या वड्यांचा डबा घेऊन आली होती. आत सगळे बाकांवर बसले होते. पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून मधोमध उभे राहिले. मी मनात पहिलं वाक्य म्हणत होते, म्हणजे ते अडले तर मला सांगता येईल. पण ते अडले नाहीत, कारण त्यांनी सुरुवातच केली नाही. दोन्ही हातांनी जर्सी पुढे धरली आणि म्हणाले, "घे."

बस. तेवढंच. सगळ्यांनी बाकांवर हात आपटले. कोणीतरी कुंकवाकडे बोट दाखवून विचारलं, हे काय? भाऊ म्हणाला, "माय मम." त्यावर आणखी जोरात हात आपटले.

मॅचचे चार क्वार्टर असतात. पहिला चांगला गेला. मला खेळातलं सगळं कळत नाही, पण एवढं कळत होतं की चेंडू वारंवार त्याच्याकडे जातो आहे. ऑस्ट्रेलियाचे प्रशिक्षक टोपी खाली ओढून छोट्या वहीत काहीतरी लिहीत होते. हिवाळा असला तरी दुपारी ऊन होतंच, आणि भाऊ घामाने निथळत होता. दुसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीला त्याने उंच उडी मारून एक चेंडू छातीशी घट्ट पकडला. खाली आला तेव्हा छातीपासून पोटापर्यंत जर्सी लाल झाली होती.

अंपायरने शिट्टी वाजवली.

या खेळात अंगावर किंवा कपड्यावर रक्त असलेल्या खेळाडूला मैदानात थांबू देत नाहीत. "ब्लड, मेट. ऑफ," अंपायर म्हणाला. भाऊ बाहेर आला, त्याच्या जागी दुसरा मुलगा आत गेला, आणि खेळ पुढे चालू झाला.

आई जागची उठली. "अगं बाई. कुंकू ते."

मी धावत संघाच्या मॅनेजरकडे गेले. कॉलेजात मी प्रेझेंटेशन देते, पण तिथे मला शब्दच सापडेना. "इट्स नॉट ब्लड," मी म्हटलं, "इट्स व्हर्मिलियन."

"व्हॉट?" मॅनेजर म्हणाला.

भावाने त्याला समजावलं, मॅनेजरने अंपायरला ओरडून सांगितलं, अंपायरने पळता पळता उत्तर दिलं: काहीही असो, लाल आहे, बदला. मॅनेजरने बॅगेतून जास्तीची जर्सी काढली. नंबर बावन्न, आणि भावापेक्षा दोन माप मोठी.

भाऊ खाली बसला. "आय एम नॉट टेकिंग दिस ऑफ."

एक मिनिट गेलं. मी त्याला म्हटलं, "अरे, ते सर निघतील. बदल ना." तो माझ्याकडे बघेना. आई डबा छातीशी धरून मागे उभी होती आणि तिचं तोंड बघवत नव्हतं. 'छातीवर लाव नीट' हे माझंच वाक्य माझ्या कानात घुमत होतं.

तेवढ्यात पप्पा येताना दिसले. खांबांपासून आमच्यापर्यंत मधून आले असते तर पटकन आले असते. पण खेळ चालू होता. ते रेघेच्या बाहेरून, अर्ध्या मैदानाला वळसा घालून, झपाझप चालत आले.

"काय झालं?"

"पप्पा, ब्लड नाहीये. आईचं कुंकू आहे. सगळ्यांना माहितीय, ब्लड नाहीये ते."

"अंपायर काय बोलला?"

"चेंज कर म्हणतो. आय वोन्ट."

"का?"

भाऊ गवताकडे बघत म्हणाला, "तुम्ही दिलीय ती."

पप्पांनी एकदा मैदानातल्या अंपायरकडे बघितलं. मग म्हणाले, "काढ."

"पप्पा..."

"काढ रे. त्याला लाल दिसलं, त्यानं शिट्टी मारली. तो बरोबरच आहे."

भावाने जर्सी डोक्यावरून काढली. पप्पांनी ती ओली जर्सी काखेत धरली. मग मॅनेजरच्या हातातून बावन्न नंबरची घेतली. ती उलटी होती. त्यांनी ती सुलटी केली, एकदा झटकली, आणि सकाळपासून ज्या चार वाक्यांची मी वाट बघत होते त्यांच्या जागी, दोन्ही हात पुढे करून म्हणाले, "ही घे. ही पण मीच दिली. झालं? आता पळ."

भाऊ हसला. जर्सी त्याला झग्यासारखी लोंबत होती. ती चड्डीत खोचत तो आत गेला.

अर्धी मॅच संपायच्या आत त्याला पप्पांच्या खांबांसमोर एक किक मिळाली. चेंडू उंच खांबाच्या बाहेरून, आखूड खांबाच्या आतून गेला. एक गुण. माझ्या शेजारी आई टाळ्या वाजवत होती. तिला विचारलं असतं तर तिने सहाच सांगितले असते.

ब्रेकमध्ये ते प्रशिक्षक जायला निघाले. जाता जाता खांबांजवळ थांबले आणि त्यांनी पप्पांशी हात मिळवला. हात सोडल्यावर आपल्या तळव्याकडे बघू लागले. तळवा लाल झाला होता.

"नॉट ब्लड, सर," पप्पा म्हणाले. "मदर."

शिबिराच्या निवडीचा ईमेल पुढे दोन आठवड्यांनी आला आणि भावाचं नाव त्यात होतं. तो मी घरात दोनदा वाचून दाखवला, ते खरं आहे. पण अभिमान म्हटलं की मला तो ईमेल आठवत नाही. त्या शनिवारची संध्याकाळ आठवते.

मॅच आम्ही थोडक्यात जिंकलो होतो. बाकीचे खेळाडू हसत-खिदळत होते आणि भाऊ पप्पांबरोबर खांब उपटत होता, नेहमीसारखा, एक टोक याच्याकडे, एक त्यांच्याकडे. सेक्रेटरी एक जाड वही घेऊन माझ्यापाशी आले. क्लबकडून पहिल्यांदा खेळलेल्या प्रत्येकाची त्यात नोंद असते: खेळाडूचं नाव, नंबर, जर्सी कोणी दिली. आमच्या नावांचं स्पेलिंग चुकू नये म्हणून मीच लिहावं असं ते म्हणाले. पण नंबर कोणता? सदतीस की बावन्न?

मी ओरडून पप्पांना विचारलं.

त्यांनी खांब खाली ठेवला, हात पँटला पुसले. "दोन्ही लिव. पहिली तुझ्या आईनं दिली, दुसरी मी."

"माझं नाव कशाला तिथं?" आई म्हणाली. "मी तर डाग पाडला."

"गप गं," पप्पा म्हणाले. "लिव, बाय. नीट अक्षरात."

मी मागची पानं चाळली. जर्सी देणाऱ्यांच्या रकान्यात सगळे बापच होते. मी दोन ओळी लिहिल्या आणि पहिल्या ओळीत आईचं पूर्ण नाव घातलं. सेक्रेटरींनी दोन ओळी का, असं विचारलं तेव्हा मी त्यांना कुंकू म्हणजे काय ते पहिल्यापासून सांगितलं, आणि या वेळी अडखळले नाही.

एवढंच की ताट माझ्या हातात होतं आणि 'छातीवर लाव' मी म्हटलं होतं, हे त्या वहीत कुठेच नाही. म्हणून ते इथे लिहून ठेवलं.