सासूबाईंचं कॉलेज

सासू आपल्याकडे राहत नाही म्हणून जळफळणारी सून कुणी पाहिली आहे का? नसेल तर मला बघा. मी सुमित्रा, पाटणकरांची थोरली सून, मुक्काम वेस्ट विंडसर, न्यू जर्सी. आमच्या ओळखीतल्या बायका सासूचा व्हिसा कधी संपतो ते कॅलेंडरवर बघत, आणि मी माझ्या सासूला परत आणायला नेब्रास्काला निघाले होते. साल चौऱ्याऐंशी. आईंचे अमेरिकेतले शेवटचे दोन महिने उरले होते आणि ते मला माझ्या घरात हवे होते. थोरलीचा मान म्हणून काही असतो की नाही?

आई कराडच्या. शाळा चौथीपर्यंत, पण पेपर रोज पहिल्या ओळीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचायच्या. सासरे गेल्यावर प्रथमच अमेरिकेला आल्या, त्या अर्थातच आमच्याकडे. मी काही कमी पडू दिलं नाही. वेगळी खोली दिली, गरम पाण्याची पिशवी दिली, उपासाला कुठून कुठून रताळी शोधून आणली. माझा नवरा नरेंद्र सकाळीच लॅबला जायचा आणि मुलगा अमित शाळेत. मग मी दिवसभर घरात आणि आईही दिवसभर घरात. अमितशी बोलायला गेल्या की तो "लेटर, आजी" म्हणून पळायचा. शेजारची बाई दारात येऊन काही म्हणाली की आई नुसत्या हसायच्या आणि दार लोटून घ्यायच्या. सगळ्यांच्याच सासवांचं इथे असंच असतं, असं मी धरून चालले होते.

मग पंधरा दिवसांसाठी त्या धाकट्या मुलाकडे, कुमारकडे नेब्रास्काला गेल्या. तो तिकडे बिटाच्या साखर कारखान्यात इंजिनिअर. उसाशिवाय साखर होते हे काही त्या कराडच्या बाईला शेवटपर्यंत पटलं नाही. पंधरा दिवसांचा महिना झाला, दुसरा लागला, आणि एका रविवारी फोनवर कळलं की आई कॉलेजला जातात.

"कुठल्या कॉलेजला?" मी विचारलं.

"माझ्याच, वहिनी," मृणालिनी म्हणाली.

मृणालिनी माझी धाकटी जाऊ. इंटरला नापास. मी बीएस्सी, फर्स्ट क्लास, पुण्याची. इथे आल्यावर मीही पुढे शिकणार होते, पण मग अमित झाला, नरेंद्रचं प्रमोशन झालं आणि शिकायचं राहिलं ते राहिलंच. आणि ही बाई मक्याच्या शेतातल्या एका दोन वर्षांच्या कॉलेजात सरळ चालत गेली आणि नर्सिंगला बसली. कानामागून आली आणि तिखट झाली! त्या कॉलेजला मी "कणसांची युनिव्हर्सिटी" म्हणत असे. आमच्या महाराष्ट्र मंडळात त्यावर चांगला हशा पिकायचा.

आईंचं झालं ते असं. घरी एकटं कसं ठेवायचं म्हणून मृणालिनी त्यांना गाडीत घालून बरोबर न्यायची आणि आपले तास होईपर्यंत लायब्ररीत बसवायची. नऊवारीवर कुमारचा जाड कोट घातलेली ही म्हातारी रोज येऊन बसते हे पाहून डोरोथी नावाच्या शिक्षिकेनं समजूत करून घेतली की आजींना प्रवेश हवाय पण विचारायला लाजतात. तिनं त्यांना हात धरून इंग्रजीच्या वर्गात नेलं. आई तिथून उठल्याच नाहीत.

मी पोचले त्याच दिवशी मृणालिनी आम्हाला तिकडे घेऊन गेली. कॉलेज म्हणजे विटांची एक लांबट इमारत, पुढे चिखलानं माखलेले पिकअप ट्रक आणि मागे नजर पोचेल तिथवर शेत. मी हसायच्या तयारीनंच गेले होते. पण वाटेत पेट्रोल पंपावरचा माणूस आईंना बघून "हाय, आजी!" म्हणून ओरडला. दुकानातली मुलगी मृणालिनीला तिच्या परीक्षेचं विचारत होती. आमच्या रस्त्यावर इतकी वर्षं राहून मला नावानं हाक मारणारा पोस्टमनसुद्धा नाही. माझ्या पोटात दुखायला लागलं ते तिथपासून.

"इथल्या हॉस्पिटलचा मॅटर्निटी वॉर्ड बंद होणार होता, वहिनी," गाडी चालवता चालवता मृणालिनी सांगत होती. "नर्सेसच मिळेनात. शहरातल्या मुली इथं येत नाहीत, आणि इथल्या मुलींना शहरात जाऊन शिकणं परवडत नाही. मग कॉलेजनं हा कोर्स स्टार्ट केला. म्हणून वॉर्ड राहिला. नाहीतर बायकांना कळा येत असताना बर्फातून डेन्व्हरच्या रस्त्याला लागावं लागलं असतं."

हे सगळं ती भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होती. तिनं जरा बढाई मारली असती तर मला बरं वाटलं असतं.

"आई, परवा निघायचं ना? मी दोघींची तिकिटं काढलीयत," मी मागे वळून म्हटलं.

"बघू गं," आई म्हणाल्या. "आधी आजचा वर्ग तर होऊ दे. बोलून दाखवायचंय मला."

त्या संध्याकाळी इंग्रजीच्या वर्गाचा छोटा कार्यक्रम होता. बिटाच्या शेतात राबणारी मेक्सिकन माणसं, एक व्हिएतनामी जोडपं, आणि पहिल्या बाकावर आमच्या आई. प्रत्येकानं आपल्या पाहुण्यांची इंग्रजीतून ओळख करून द्यायची होती. मी मुद्दाम चांगली साडी नेसले होते. थोरली म्हणून पहिलं नाव माझंच येणार हे ठरलेलंच होतं, आणि आलंही.

आई उभ्या राहिल्या. पदर सारखा केला.

"धिस इज सुमित्रा," त्या म्हणाल्या. "शी इज माय सन्स वाइफ. शी कुक्स व्हेरी गुड फूड."

टाळ्या पडल्या. मी मान तुकवली. मग आईंनी मृणालिनीकडे हात केला. तीही त्यांच्या मुलाची बायकोच. तेच वाक्य पुन्हा म्हणायचं, त्यात अवघड काय होतं? पण आई जरा थांबल्या, शब्द जुळवले आणि हसल्या.

"धिस इज मृणालिनी. शी इज माय फ्रेंड."

मी टाळ्या वाजवल्या. काय करणार? माझ्याकडे होत्या तोवर मी त्या बाईला पाटावरून ताटावर आणि ताटावरून पाटावर केलं होतं, आणि मैत्रीण मात्र ही झाली. माझ्या घरी त्यांना मैत्रीण करायला जागाच कुठे होती? आम्ही दोघी दार लोटून बसलेल्या. त्या त्यांच्या खोलीत, मी माझ्या स्वयंपाकघरात. इथे दोघी एका गाडीतून निघतात, एका इमारतीत शिकतात, येताना एकमेकींना काय काय झालं ते सांगतात. असल्या मैत्रिणी मला पुण्याच्या कॉलेजात होत्या. त्यानंतर नाहीत.

आईंनी मला नाही म्हणून सांगितलंसुद्धा नाही. निघायच्या दिवशी सकाळी उठून पाहते तर कोट चढवून दारात उभ्या, आणि मृणालिनी बाहेर गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडतेय. "तू नीट जा हं," म्हणून माझ्या गालावरून हात फिरवला आणि गेल्या.

मी एकटीच उतरले तेव्हा नरेंद्र विमानतळावर माझ्या मागे बघत होता.

"आई कुठे?"

"नाही आल्या. त्यांना कॉलेज आहे," मी म्हटलं. चौथी शिकलेल्या सदुसष्ट वर्षांच्या बाईचा वाटला इतका हेवा मला आजवर कुणाचाच वाटला नव्हता.