काका-आजोबांचा दर्यावर्दी

समुद्रापासून इतक्या लांब राहून समुद्राचा इतका रुबाब करणारा माणूस साऱ्या माळव्यात दुसरा झाला नाही, हे मी सही करून लिहून द्यायला तयार आहे. तुमचे धारचे काका-आजोबा, म्हणजे तुमच्या आजोबांचे धाकटे चुलतभाऊ आणि माझे भाऊजी, जन्मले धारला, विजेच्या खात्यात नोकरी केली ती धारला आणि अमझेऱ्याला, आणि वयाच्या बाहत्तराव्या वर्षापर्यंत त्यांनी नर्मदेपेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं. पण त्यांच्या स्वयंपाकघरात, फ्रिजच्या शेजारी, कोकण किनाऱ्याच्या भरती-ओहोटीचं वेळापत्रक टांगलेलं असे. नळाला पाणी एक दिवसाआड, भरती मात्र दिवसातून दोनदा. गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी वाऱ्यानं फुगल्या की ते खालून ओरडत, "शिडं उतरवा!" आणि माझ्या धाकट्या जाऊबाई, म्हणजे तुमच्या काकू-आजी, वरून शांतपणे विचारत, "उशांचे अभ्रे पण उतरवू, की नुसती शिडंच?"

या सगळ्याच्या मुळाशी होते विसाजी. आपल्या वंशावळीत सगळ्यांत वरच्या चौकोनात त्यांचं नुसतं नाव आहे; जन्म नाही, मृत्यूची तिथी नाही, गाव नाही. घरात पिढ्यान्‌पिढ्या एवढंच सांगत आलेत की विसाजी मराठ्यांच्या आरमारात होते आणि तिथून पवारांच्या फौजेबरोबर माळव्यात आले. का आले, कोणत्या बंदरातून आले, काही ठाऊक नाही. पुरावा म्हणाल तर एकच. आपल्या घरात नारळी पौर्णिमेला पाण्याला नारळ द्यायची चाल आहे, आणि समुद्र नसल्यामुळे तो तलावात सोडतात. भाऊजी सोवळं नेसून, हळदकुंकू लावलेला नारळ दोन्ही हातांत धरून तलावाच्या पायऱ्या उतरू लागले की काठावरची मंडळी गंमत पाहायला जमत. एकदा एकानं विचारलं, "क्यों भिया, तालाब में नारियल? मछलियों की मन्नत है क्या?" भाऊजींनी मागे वळूनही न पाहता सांगितलं, "समंदर का है। यह उसका ब्रांच ऑफिस है।"

मी लग्न होऊन देवासला आले तेव्हा विसाजी साधे खलाशी होते. तुमच्या बाबाच्या बारशाला भाऊजींनी त्यांना तांडेल केलं, म्हणजे खलाशांचा मुकादम. भाऊजी निवृत्त झाले त्या वर्षी विसाजींना एक अख्खं गलबत मिळालं, आणि नातवंडांच्या मुंजी लागेपर्यंत ते आरमारातले सरदार होऊन, तीन लढाया जिंकून, डाव्या खांद्यावर गोळीची खूण घेऊन बसले. इतक्या वेगानं बढती जिवंत माणसाला मिळालेली मी पाहिली नाही. भाऊजींचं सगळं संशोधन माझ्याकडे असे, कारण दप्तरखान्यांना पाठवायचे इंग्रजी अर्ज मी लिहीत असे आणि कागद क्रमवार लावून ठेवायची मला सवय. प्रत्येक नव्या पराक्रमासमोर मी पेन्सिलीनं 'पुरावा नाही' असं लिहून ठेवी. ते आले की खोडून टाकत. पुढे पुढे तर ते धारहून येतानाच खिशात खोडरबर घेऊन येऊ लागले.

शोध मात्र त्यांनी मनापासून केला, हे मान्य करायला हवं. नोकरीत असतानाच ते मोडी शिकले, आणि इतकी चांगली की किराण्याची यादीसुद्धा मोडीत करू लागले, दुकानदार ती उलटीसुलटी करून पाही आणि फोन करून जाऊबाईंना विचारी, "भाभीजी, भिया ने मँगाया क्या है?" कुणी सांगितलं की पीपलरावांला एका घरी जुना जहाजी लंगर आहे, तर भाऊजी भर उन्हात तिकडे गेले. लोखंडी होता, चार आकड्यांचा होता, गंजलेलाही होता. घरमालक म्हणाला, "अरे भिया, यह तो कुएँ से बाल्टी निकालने का काँटा है।" भाऊजी माझ्याकडे आले ते जराही न खचता. म्हणाले, "वहिनी, आज बादल्या काढतो म्हणून काय झालं? निवृत्तीनंतर मीही शेजाऱ्यांचे फ्यूजच बसवतोय ना!"

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण त्यांनी एक शपथ घेऊन ठेवली होती. विसाजींचं बंदर सापडेपर्यंत समुद्राचं तोंड पाहायचं नाही, आणि पाहायचं ते जोडीनं, त्याच बंदरात उभं राहून. शपथ त्यांची, पण उपास घडला तो जाऊबाईंना. त्यांना लहानपणापासून समुद्र पाहायची हौस. लग्न ठरताना मुलाकडची माणसं मूळची समुद्रावरची आहेत हे ऐकून त्या हरखून गेल्या होत्या म्हणे. मुंबईला दादरला पुतण्याचं लग्न होतं. कार्यालयापासून समुद्र दोन गल्ल्यांवर. वरात निघाली तेव्हा भाऊजींनी कोरड्या डिसेंबरात छत्री उघडली आणि समुद्राच्या बाजूला आडवी धरून जाऊबाईंना तिच्या आडोशानं पलीकडे नेलं. मी रागावले तर म्हणाले, "वहिनी, एवढी वर्षं थांबलो, आता दोन गल्ल्यांसाठी मोडायची?"  रात्री झोपताना जाऊबाई मला हळूच म्हणाल्या, "ताई, वास मात्र आला हो."

मग जाऊबाईंच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. इंदूरच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली किती टिकेल सांगता येत नाही. मी भाऊजींना म्हटलं, "आता तरी पुरे करा हे खूळ. तिकीट काढा आणि तिला समुद्र दाखवून आणा." दुसऱ्या कुणी तेच केलं असतं. भाऊजींनी काय करावं? त्यांनी शोध दुप्पट केला. पुण्याच्या दप्तरखान्यात काम करणाऱ्या एका अभ्यासक मुलीचा नंबर मिळवला आणि तिला रोज सकाळी फोन करू लागले. मला त्यांचा इतका राग आला की मी महिनाभर त्यांचा एकही अर्ज लिहिला नाही. पण एक दिवस त्यांच्या पिशवीत नेहमीच्या कागदांबरोबर डोळ्यांच्या थेंबांच्या वेळांचा तक्ता दिसला, तासातासाच्या चौकटी आखलेला, प्रत्येक चौकटीत त्यांची बारीक सही. मग पुढचा अर्ज मी लिहिला.

आणि त्या मुलीला कागद सापडला. खुद्द विसाजींचा अर्ज, विजयदुर्गाहून लिहिलेला. तिनं त्याचा फोटो माझ्या फोनवर पाठवला. मी धारला कळवलं, तर दोघं दुपारच्या बसनं देवासला हजर. भाऊजींनी हातपाय धुतले, टोपी घातली, मी मोठा करून छापून आणलेला कागद पाटावर ठेवला, आणि भिंग घेऊन मोठ्यानं वाचायला लागले. सुरुवातीला आवाज असा, की शेजारच्या कुत्र्यानं उत्तर दिलं. "सेवक विसाजी, कारकून…" इथे ते थबकले. सरदार नाही, तांडेल नाही, साधा खलाशीसुद्धा नाही, गलबतावरचा कारकून. "असेना का," म्हणून पुढे निघाले. "सेवकास दर्या मानवत नाही. गलबतावर पाऊल ठेविताच पोटी अन्न राहत नाही. चार मोसम सोसिले." आवाज खाली खाली यायला लागला. शेवटचं वाक्य तर आम्हाला कान देऊन ऐकावं लागलं. "तरी कृपा करून, जेथे दर्या दृष्टीस पडणार नाही ऐशा दूर मुलखी चाकरी सांगावी."

 मी हसू दाबायला पदर तोंडाशी नेला. जाऊबाई म्हणाल्या, "म्हणजे आपण इतकी वर्षं समुद्राला नारळ देतोय, तो लांब राहा बाबा म्हणून?" आणि भाऊजी कागदाकडेच पाहताहेत असं बघून पुढे म्हणाल्या, "मला आधी विचारलं असतंत तर पुण्याला फोन करायलाच नको होते. आत्ता बसमध्ये मांगलियापर्यंत लिंबू कोण हुंगत होतं?"

भाऊजी धारला परतले आणि गप्प झाले. भरतीचं वेळापत्रक काढून टाकलं, किराण्याची यादी देवनागरीत येऊ लागली, दुकानदारानं काळजीनं विचारलं, "भिया की तबियत तो ठीक है?" मी फोन केला की म्हणत, "पळपुटा निघाला हो, वहिनी. त्याच्या बंदराला जाऊन काय बघायचं?" जाऊबाईंनी आठ दिवस वाट पाहिली. नवव्या दिवशी पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "तुमच्या विसाजींना समुद्र नको होता. मला हवाय. बंदर सापडलंय, शपथ फिटली आहे, आणि मला पोळीची कड दिसेनाशी झाली आहे. तिकीट काढता, की ताईंना सांगू?" तिकिटं त्याच संध्याकाळी निघाली. माझंही काढलं; भाऊजी म्हणाले, कागद सांभाळायला कुणीतरी हवं.

विजयदुर्गाला आम्ही सकाळी पोहोचलो. धक्क्यावर वारा होता, दोराला बांधलेल्या होड्या हेलकावत होत्या. भाऊजींनी समुद्राकडे पाहिलं, होड्यांकडे पाहिलं, त्यांचा चेहरा पांढरा पडला, आणि आयुष्यभर ज्या क्षणाची वाट पाहिली त्या क्षणी ते धक्क्याच्या दगडावर मटकन बसून डोळे गच्च मिटून राहिले. होडीत पाऊलसुद्धा ठेवलं नव्हतं. "वहिनी," मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "आता तिथे लिहा, पुरावा आहे." मी वही काढून खरंच लिहिलं, आणि शाईनं. जाऊबाई मात्र उभ्या होत्या. त्यांना मधलं थोडं दिसत होतं, कडा गेल्या होत्या. मान इकडून तिकडे फिरवत त्या समुद्र तुकड्यातुकड्यानं पाहत होत्या आणि भाऊजींना सांगत होत्या. "अहो, लांबवर अगदी करडा आहे. जवळ हिरवा. एक पांढरा पक्षी पाण्यावर नुसता बसलाय, पोहत नाही काही नाही. आता लाट येतेय, वर चढतेय, आता खाली…" भाऊजी कळवळून म्हणाले, "अगं, पक्ष्याचं सांग, लाटेचं नको!" पण त्यांनी जाऊबाईंचा पदर धरून ठेवला होता, आणि आम्ही निघेपर्यंत सोडला नाही.

आता जाऊबाईंना उजेड तेवढा कळतो. गेल्या महिन्यात मी धारला गेले होते. दुपारी चहा झाल्यावर त्या म्हणाल्या, "सांगा बरं समुद्र." भाऊजी खुर्ची जवळ ओढून सांगायला लागले, रोज सांगतात म्हणे. लांबवर निळाशार आहे, म्हणाले. "करडा," जाऊबाई म्हणाल्या. पाण्यावर दोन पक्षी आहेत. "एकच होता." भाऊजींनी दुरुस्ती करून घेतली आणि पुढे गेले. थोड्या वेळानं ते लाटेपाशी येऊन थांबले, कारण त्या दिवशी त्यांनी पुढचं ऐकूनच घेतलं नव्हतं. मग तिथून जाऊबाई सांगू लागल्या, सावकाश, भाऊजींना झेपेल इतकंच.