दुपारी दोनच्या आत, उपाशी पोटी

सदर इसम शाळेच्या भोजनगृहात वाढपी या पदावर एकोणीस वर्षे कार्यरत. उंची मध्यम, आवाज मोठा. ओळखीची खूण : उजव्या मनगटावर वाफेने भाजल्याचा चट्टा. कर्तव्ये : गरम अन्न गरम असताना वाढणे, ताटात काही टाकू न देणे आणि एकही मूल उपाशी उठणार नाही याची दक्षता घेणे. त्या दिवशी सकाळपासून त्याची स्वतःची सहा वर्षांची मुलगी उपाशी होती, आणि तिला तसं ठेवायचं काम त्याच्याकडे होतं.

सहाला दूरच्या शहरातल्या इस्पितळातून फोन आला होता. आठ महिने यादीत नाव होतं. अखेर मुलीला बसेल असं यकृत मिळालं होतं. दुपारी दोनच्या आत पोहोचा, तोंडात काही घालू नका, घोटभर पाणीसुद्धा नाही. बायको तान्ह्या बाळाला घेऊन घरी राहिली आणि हा जन्मात पहिल्यांदा विमानतळावर आला.

विमान मात्र जागचं हलेना. काहीतरी बिघाड होता. तो कसला हे कुणी सांगत नव्हतं, पण दिलगिरी दर पंधरा मिनिटांनी व्यक्त होत होती. दुसऱ्या विमानात जागा नव्हती. त्यानं इस्पितळाला तसं कळवलं. मुलीचे पिवळे डोळे बघून काउंटरवरच्या बाईनं आपल्या हातात होतं ते केलं. दोघांना लाउंजमध्ये नेऊन बसवलं.

"सगळं फुकट आहे हं," ती मुलीला म्हणाली. "हवं ते घे."

मोठ्या मनाची माणसं अशी ऐन वेळी गाठतात.

आत गुबगुबीत खुर्च्या, भिंतभर काच आणि लांबच लांब टेबलावर केक, अंडी, कापलेली फळं, वाफाळतं सूप. एक गृहस्थ तिसऱ्यांदा ताट भरता भरता, इथे खायला काही विशेष नाही, असं फोनवर सांगत होते. वाढप्यानं मुलीची खुर्ची काचेकडे वळवली. वास काही वळवता येईना.

"बाबा, एकच केक."

"नाही म्हटलं ना, राणी."

"शाळेत तर पोरांच्या मागे लागता, खा खा म्हणून."

"ती ऐकत नाहीत. तू शहाणी आहेस."

"मला नाही व्हायचं शहाणी."

मग त्यानं उडणारी विमानं मोजायचा खेळ काढला. नऊ झाली. त्यात त्यांचं नव्हतं.

साडेअकराला फोन वाजला. इस्पितळातली बाई हळू बोलत होती. आता निघूनही वेळेत पोहोचणं व्हायचं नाही. यकृत फार काळ टिकत नाही. यादीतल्या पुढच्या मुलाला बोलावून घेतलंय. हिचं नाव यादीत आहेच.

"कळतंय ना तुम्हाला?"

"हो."

"तिला आता खायला द्या," ती म्हणाली.

तो टेबलाशी गेला. हाताला सवय होती तसं ताट वाढलं. पातळ एकीकडे, गोड एकीकडे, एकात एक न मिसळता. मुलीनं ताटाकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"डॉक्टर ओरडणार नाहीत?"

"त्यांनीच सांगितलंय."

"म्हणजे मी बरी झाले?"

"आधी खा."

ती दोन्ही हातांनी खाऊ लागली. एवढ्यात काउंटरवरची बाई धापा टाकत आली. चेहरा नुसता फुललेला.

"चला, चला! विमान झालं नीट. तुमच्यासाठी थांबवून धरलंय!"

वाढप्यानं मुलीच्या हनुवटीवरचं क्रीम पुसलं.

"जाऊ द्या त्याला," तो म्हणाला. "तिचं जेवण व्हायचंय अजून."